सहा कोर्टांचा कारभारी

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन टेनिसची लढत पाहायला बसलं की नजर कुठे ठेवावी हेच आधी कळत नाही. सुरुवातीला तीन दुहेरी सामने एकाच वेळी चालतात. त्यातले दोन जिंकेल त्या संघाला एक गुण. मग शेजारशेजारच्या सहा कोर्टांवर सहा एकेरी सामने, प्रत्येकाला एक गुण. सातांपैकी चार ज्याने मिळवले तो संघ विजयी. चौथा गुण पडला की उरलेले सामने बहुतेक वेळा आहेत तिथेच थांबतात. पाचव्या कोर्टावरची मुलगी तिसऱ्या सेटमध्ये चार-एक अशी पुढे असली तरी तिच्या नावापुढे ‘अपूर्ण’ लागतं, आणि तीच मुलगी रॅकेट फेकून मैत्रिणींच्या घोळक्यात धावत सुटते.

एरवी टेनिससारखा एकलकोंडा खेळ नाही. व्यावसायिक स्पर्धांत सामना सुरू असताना खेळाडूला सल्ला द्यायला प्रशिक्षकाला वर्षानुवर्षं मनाई होती. इथे मात्र तो कोर्टातच, खेळाडूच्या शेजारी येऊन बसतो. त्याची खरी परीक्षा असते ती सहापैकी कुणाजवळ बसायचं, ही. हरत चाललेल्याला सावरायचं, की जिंकता जिंकता हात आखडलेल्याला? लहानपणापासून फक्त स्वतःसाठी खेळलेल्या मुलाला दुसऱ्याच्या गुणासाठी घसा फोडायला शिकवणं, हे या प्रशिक्षकांचं सर्वांत मोठं काम, असं मला ठामपणे वाटतं.

ते डिक गूल्ड यांच्याइतकं कुणाला साधलं नाही. 1966 मध्ये ते स्टॅनफर्डला आले तेव्हा पुरुषांच्या महाविद्यालयीन टेनिसवर दक्षिण कॅलिफोर्नियाची सत्ता होती. एकीकडे जॉर्ज टोली यांचा यूएससीचा संघ, दुसरीकडे जे. डी. मॉर्गन यांनी घडवलेला यूसीएलएचा, ज्यात आर्थर अॅश 1965 चा एकेरीतला विजेता. गूल्डना पहिलं राष्ट्रीय सांघिक विजेतेपद मिळायला 1973 उजाडलं. ते धरून 2000 पर्यंत मात्र सतरा! नेटकडे धावून जाणारं आक्रमक टेनिस आणि दुहेरी, यांवर त्यांचा भर. 1997 आणि 1998 मध्ये त्यांच्या विजयी संघांत असलेल्या ब्रायन जुळ्यांनी पुढे पुरुष दुहेरीची सोळा ग्रँड स्लॅम विजेतेपदं जोडीने पटकावली.

जॉन मॅकेन्रोही गूल्ड यांच्याच संघातला. 1977 मध्ये, अठराव्या वर्षी, पात्रता फेरीतून थेट विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचलेला हा मुलगा त्यानंतर स्टॅनफर्डला पहिल्या वर्षात दाखल झाला. 1978 ची राष्ट्रीय स्पर्धा जॉर्जियातल्या अथेन्स गावी होती. तिथे जॉन सॅड्रीविरुद्धच्या अंतिम सामन्यात चारपैकी तीन सेट टायब्रेकवर गेले. मॅकेन्रो जिंकला, स्टॅनफर्डही जिंकलं, आणि तो व्यावसायिक झाला. गूल्डच्या वाट्याला त्याचा एकच हंगाम आला.

स्पर्धा अथेन्सला नेणारे डॅन मॅगिल हे वेगळंच रसायन. जॉर्जिया विद्यापीठाच्या क्रीडा-प्रसिद्धीचं काम सांभाळता सांभाळता 1955 ते 1988 त्यांनी टेनिस संघही सांभाळला. 706 विजय, 183 पराभव. फुटबॉलवेड्या गावाला त्यांनी टेनिस बघायची सवय लावली. 1972 पासून राष्ट्रीय स्पर्धा तिथे वरचेवर भरू लागली आणि महाविद्यालयीन टेनिसचं सन्मानदालनही तिथेच उभं राहिलं. गूल्डइतकी विजेतेपदं त्यांच्या नावावर नाहीत, दोनच आहेत, 1985 आणि 1987. पण प्रेक्षक घडवणं मला विजेतेपदांपेक्षा कठीण वाटतं.

त्याच अथेन्समध्ये, 2007 साली, जॉर्जियाच्या जॉन इस्नरला त्याच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर हरवून सोमदेव देववर्मन एकेरीचा राष्ट्रीय विजेता झाला. व्हर्जिनिया विद्यापीठात ब्रायन बोलंड यांच्या हाताखाली खेळणाऱ्या सोमदेवने पुढच्या वर्षीही तो किताब राखला. त्याआधी 1995 मध्ये महेश भूपतीने मिसिसिपी विद्यापीठाकडून दुहेरी जिंकली होती. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून खेळली आणि 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. आपल्याकडे अठराव्या वर्षी शिक्षण की टेनिस असा पेच पडतो आणि आईबापांची पुंजी पणाला लागते. या मुलांना दोन्ही एकाच आवारात मिळालं.

अर्थात तिथेही पैशांची ओढाताण असतेच. पहिल्या श्रेणीतल्या पुरुष संघाला अनेक वर्षं साडेचारच शिष्यवृत्त्या मिळत. आठ-दहा मुलांत त्या वाटताना कुणाला अर्धी, कुणाला पाव, हा हिशेब प्रशिक्षकानेच करायचा. महिला संघांना मात्र आठ पूर्ण शिष्यवृत्त्या असत. शिक्षणसंस्थांतला लिंगभेद रोखणाऱ्या 1972 च्या कायद्यामुळे मुलींच्या खेळाला बळ मिळालं. स्टॅनफर्डच्याच फ्रँक ब्रेनन यांनी महिला संघाला दहा विजेतेपदं मिळवून दिली. त्यांच्या सहायक आणि त्याच विद्यापीठाच्या माजी खेळाडू लेले फरूद यांनी त्यांच्यानंतर आणखी दहा.

तालमीत वस्तादाची गादी शिष्याकडे जावी, तसंच इथेही घडत आलं आहे. मॅगिलनंतर जॉर्जियाचा संघ त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या मॅन्युएल डियाझ यांच्याकडे गेला आणि त्यांनी चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. गूल्ड 2004 मध्ये बाजूला झाले तेव्हा जॉन व्हिटलिंगर आले, म्हणजे 1974 साली गूल्डच्याच संघातून एकेरी आणि दुहेरी दोन्ही जिंकलेला खेळाडू. 2014 मध्ये ती जागा पॉल गोल्डस्टीन यांनी घेतली. 1995 ते 1998 अशी स्टॅनफर्डमधली चारही वर्षं ते गूल्डकडे खेळले होते आणि चारही वर्षं संघ अजिंक्य ठरला होता.