शालेय पोषण आहार : अन्न व इंधन यांच्या निवडीचा एकत्रित विचार

प्रस्तावना

पर्यावरणपूरक शाळा म्हटले की वृक्षारोपण, प्रभातफेरी आणि भिंतीवरील घोषवाक्ये डोळ्यांसमोर येतात. ग्रामीण भागातील प्राथमिक शाळेत ऊर्जेचा खरा वापर मात्र स्वयंपाकगृहात होत असतो. दोन-चार दिवे आणि पंखे यांच्या तुलनेत शंभर मुलांची खिचडी शिजविण्यास लागणारी उष्णता कितीतरी अधिक असते. म्हणूनच शाळेच्या संदर्भात शाश्वत ऊर्जेचा विचार करताना शालेय पोषण आहाराच्या पातेल्यापासून सुरुवात करणे क्रमप्राप्त ठरते.

योजनेची पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र शासनाने ही योजना सुरू केली तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मुलांना कोरडे धान्य घरी नेण्यासाठी दिले जात असे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजविलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले आणि त्या आदेशाबरोबर चूल शाळेच्या आवारात आली. पुढे प्राथमिक स्तरावरील प्रत्येक मुलासाठी ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरले. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असा हिशेब आहे. २०२१ पासून ही योजना प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना या नावाने ओळखली जाते.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. धान्य केंद्राकडून विनामूल्य मिळते. परंतु डाळ, भाजी, तेल व मसाले यांच्यासाठी जो खर्च मंजूर होतो त्यातच इंधनाचाही समावेश असतो. सरपण किंवा सिलिंडर महागला तर ती झळ कशाला लागते, हे शाळेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांस वेगळे सांगावे लागत नाही. प्रथम भाजी कमी होते, मग खिचडीचा पिवळा रंग हळदीवर भागविला जातो.

पातेल्यातील हिशेब

शंभर मुलांसाठी १० किलो तांदूळ व २ किलो डाळ शिजवावयाची असल्यास सुमारे ३६ लिटर पाणी लागते. हे पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास २,७०० किलोकॅलरी उष्णता पुरते. मात्र उकळलेल्या पाण्याची वाफ होण्यास प्रत्येक लिटरमागे सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजेच झाकण न ठेवता खिचडी रटरटत ठेवली आणि पाच लिटर पाणी वाफ होऊन गेले, तर सर्व पाणी तापविण्यास लागली तेवढीच उष्णता पुन्हा खर्च झाली. ती अन्न शिजविण्यास उपयोगी पडत नाही, कारण पाणी मंद उकळले काय किंवा जोराने उकळले काय, तापमान तेवढेच राहते.

तीन दगडांच्या चुलीत सरपणाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के पातेल्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे केवळ पाणी तापविण्यासाठीच सात ते आठ किलो लाकूड जळते, आणि वर सांगितलेली वाफ धरली तर सुमारे पंधरा किलो. पंधरा किलो सरपणातील ऊर्जा ५० हजार किलोकॅलरींच्या पुढे जाते. शंभर मुलांच्या पोटात जाणारे अन्न ४५ हजार किलोकॅलरींचे! मुलांच्या पोटापेक्षा चुलीचे पोट मोठे ठरते. हेच पाणी तापविण्याचे काम गॅसच्या शेगडीवर सुमारे ४०० ग्रॅम गॅसमध्ये होते.

साहजिकच गॅसजोडणी हा पहिला उपाय ठरतो. तथापि गॅस हेही खनिज इंधन आहे आणि त्याचा पैसा भाजीच्याच वाट्यातून जातो. घट्ट झाकण, डाळ आदल्या रात्री भिजविणे, उकळी आल्यावर आच मंद करणे, शक्य तेथे मोठा प्रेशर कुकर वापरणे, या गोष्टी घराघरांत माहीत आहेत. भात अर्धा शिजल्यावर पातेले भुसा किंवा गोधडी भरलेल्या पेटीत ठेवून उरलेला आपल्याच उष्णतेवर शिजू देण्याची पद्धतही जुनी आहे. मोठ्या पातेल्याचे घट्ट झाकण मात्र अनेक शाळांत नसते, हे आश्चर्य आहे.

धान्य, भाजी आणि खरकटे

धान्याची निवड हा यापेक्षा अवघड प्रश्न आहे. सोलापूर किंवा बीडच्या कोरडवाहू पट्ट्यातील मूल शाळेत भात खाते आणि घरी भाकरी. भातशेतीला पाणी अधिक लागते, तसेच साचलेल्या पाण्यातून मिथेन वायू बाहेर पडतो. आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षाच्या (२०२३) निमित्ताने ज्वारी, बाजरी, नाचणी यांची बरीच चर्चा झाली. परंतु शंभर मुलांसाठी भाकऱ्या थापणे म्हणजे शंभर वेळा तवा तापविणे आणि दोन बायकांचे हात भरून येणे. बाजरीचे पीठ काही दिवसांत कडवट होते, ही अडचण वेगळीच. रात्री भिजविलेल्या ज्वारीच्या कण्या, आंबील किंवा डाळ घातलेला खिचडा हे पदार्थ एका पातेल्यात होतात. भरडधान्य शाळेत यावयाचे असेल तर या वाटेने येणे अधिक व्यवहार्य दिसते.

परसबागेबाबतही असेच वास्तव आहे. हात धुण्याचे पाणी वळवून लावलेला पालक मे महिन्याच्या सुटीत जळून जातो. शेवगा आणि कढीपत्ता मात्र तग धरतात.

पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली पिष्टमय खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र विकसित केले व त्यास २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. घरगुती वापरासाठी ते उपयुक्त आहे. शाळेत मात्र संयंत्रास पुरेल इतके अन्न दररोज उरत असेल, तर शिजविण्याचे प्रमाणच चुकलेले असते. शिवाय दीर्घ सुटीत संयंत्रातील जीवाणू उपाशी राहतात. वसतिगृह जोडलेल्या आश्रमशाळांत ही अडचण पुष्कळ कमी होते.

धूर आणि स्वयंपाकीण

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकगृहातील आग झावळ्यांच्या छपराला लागून ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेमुळे शाळांतील आगीच्या धोक्याकडे देशाचे लक्ष गेले. धुराचा धोका मात्र सावकाश काम करतो आणि तो प्रामुख्याने एकाच व्यक्तीच्या वाट्यास येतो. ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ या पदावरील स्त्रीसाठी केंद्राने २००९ मध्ये दरमहा एक हजार रुपये मानधन ठरविले, तेही वर्षातील दहा महिन्यांचे. महाराष्ट्रासह अनेक राज्ये त्यात आपली भर घालतात. डाळ भिजविण्यासाठी आदल्या सायंकाळी शाळेत कोणी यावे, ज्वारी कोणी निवडावी, पेटीत पातेले कोणी उचलून ठेवावे, या प्रत्येक सुधारणेचे काम अखेर तिच्याकडेच येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. स्वयंपाकीण या नात्याने तिला मात्र तेथे जागा नाही. चुलीची उंची किती असावी आणि झाकण कोणत्या मापाचे लागेल, हे तिला विचारण्यास शासननिर्णयाची गरज नाही.