दूरच्या दुर्बिणी कशा जुळतात?

मंडळी, पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावापासून जवळच खोडद नावाचे गाव आहे. त्या बाजूने प्रवास करणाऱ्यांनी शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या मोठमोठ्या जाळीदार तबकड्या पाहिल्या असतील. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर, आणि अशा तबकड्या एकूण ३०. त्यांपैकी १४ खोडदजवळ साधारण एक किलोमीटरच्या चौकात बसविल्या आहेत; उरलेल्या १६ तीन दिशांना गेलेल्या तीन रांगांत आहेत. टोकाच्या दोन तबकड्यांत सुमारे २५ किलोमीटरचे अंतर आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील केंद्राच्या श्रमांतून ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली.

पाहणारा सहज विचारतो, "दुर्बीण एकच म्हणता, मग तबकड्या तीस कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. तीस तबकड्यांची मिळून एक दुर्बीण होते ती एका यंत्रामुळे. त्याला कोरिलेटर म्हणतात. आपण त्याला जुळणीयंत्र म्हणू. या यंत्राला काम सांगावे लागते, आणि ते सांगितले जाते एका साध्या अक्षरांच्या फाईलमधून. कोट्यवधी रुपयांच्या दुर्बिणीचे रात्रभराचे काम त्या फाईलमधल्या एखाद्या आकड्यावर अडून राहू शकते. ही फाईल कशी भरतात, ते आज पाहू या.

आधी जुळणी म्हणजे काय ते समजून घेऊ. असे समजा, की पहाटे देवळात नगारा वाजतो. एक जण पारावर उभा आहे, दुसरा दूर मळ्यात. दोघेही आपापल्या घड्याळात पाहून ठोक्याची वेळ कागदावर टिपतात. मळा देवळापासून पारापेक्षा ६८० मीटर जास्त लांब आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, तेव्हा मळ्यातल्या माणसाला ठोका २ सेकंद उशिरा ऐकू जाणार. पण त्याचे घड्याळ ३ सेकंद पुढे असेल, तर त्याच्या कागदावर ५ सेकंदांचा फरक दिसेल. दोघांनी एकच ठोका ऐकला हे सिद्ध करायचे, तर तीन गोष्टी ठाऊक हव्यात : कोण कोठे उभा होता, कोणाचे घड्याळ किती पुढे होते, आणि देऊळ कोणत्या बाजूला आहे. या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. आपली फाईल मुख्यतः त्यांचीच आहे.

आता फरक कोठे आहे? आकाशातून येतो तो आवाज नव्हे, त्या रेडिओ लहरी. १९३३ साली अमेरिकेत कार्ल जान्स्की यांनी जाहीर केले, की आपल्या आकाशगंगेकडून रेडिओ लहरी येतात आणि यंत्रावर त्यांची खरखर ऐकू येते. रेडिओवर दोन स्टेशनांच्या मध्ये काटा ठेवला की जशी खरखर होते, तशीच ती. तिच्यात ठोका नाही, ताल नाही. मग दोन खरखरींतून एकच खरखर ओळखायची कशी?

शिक्षक बंधुभगिनींनो, हे वर्गात सहज दाखविता येते. खरखर वर गेली की अधिकाचे चिन्ह, खाली गेली की उण्याचे, असे ठरवा. एका कागदाच्या पट्टीवर ही ओळ लिहा :

+ + − + − − − + + − + −

दुसऱ्या पट्टीवर तितक्याच अंतराने ही ओळ लिहा :

− + + + − + − − − + + −

पट्ट्या एकीखाली एक ठेवून किती चिन्हे जुळतात ते मुलांना मोजू द्या. १२ पैकी ६ जुळतील, म्हणजे निम्मी. नाणे उडविले तरी एवढे जुळतेच! दुसरी पट्टी एक घर डावीकडे सरकवा : ११ पैकी ५. आणखी एक घर सरकवा : उरलेली १० च्या १० जुळतात. म्हणजे दुसरी पट्टी पहिलीचीच नक्कल आहे, फक्त दोन घरे उशिरा आलेली.

जुळणीयंत्र हेच करते : सरकवायचे, गुणायचे आणि बेरीज करायची. मात्र ते ही मोजणी सेकंदाला कोट्यवधी वेळा करते, आणि प्रत्येक दोन तबकड्यांच्या जोडीसाठी करते. ३० तबकड्यांच्या जोड्या किती? ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. आणखी एक अडचण अशी, की खऱ्या संदेशात आकाशाची खरखर अगदी थोडी असते आणि यंत्राची स्वतःची खरखर खूप असते. दहाच्या दहा चिन्हे कधी जुळत नाहीत. निम्म्याहून किंचित जास्त जुळतात. ते किंचित ओळखण्यासाठी बराच वेळ सरासरी काढावी लागते.

आता फाईलकडे वळू. उदाहरण म्हणून देशोदेशींच्या दुर्बिणी जोडणारी पद्धत घेऊ, कारण तेथे सगळ्या अडचणी स्वच्छ दिसतात. एक दुर्बीण युरोपात, एक अमेरिकेत. मध्ये तार नाही. प्रत्येक ठिकाणी अत्यंत अचूक असे हायड्रोजन मेसर घड्याळ असते. त्याच्या वेळेसह सारी नोंद डिस्कांवर करतात आणि त्या डिस्का एका केंद्राकडे धाडतात. तेथे जुळणीचे काम आता बहुधा संगणकच करतात. त्यासाठी जगात अनेक ठिकाणी वापरला जाणारा एक प्रोग्रॅम म्हणजे डिफेक्स. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडम डेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. नेदरलँड्समधील ड्विंगेलो येथील केंद्राने आपला वेगळा प्रोग्रॅम रचला आहे. पण सांगावयाच्या गोष्टी दोन्हींकडे जवळपास त्याच.

डिफेक्सला दोन फायली लागतात. पहिलीला व्हेक्स म्हणतात. ती मुळात निरीक्षणाची पत्रिका असते : कोणत्या दुर्बिणी, कोणता तारा वा दीर्घिका, कोणत्या वेळी, कोणत्या कंप्रतेवर. तिचे विभाग पाडलेले असतात. एक विभाग जागांचा, एक घड्याळांचा, एक पृथ्वीच्या स्थितीचा, एक आकाशातील ठिकाणांचा. दुसरी फाईल छोटी असते. तिच्यात जुळणी करणारा माणूस आपल्या सूचना लिहितो : डावीकडे नाव, मग बरोबरचे चिन्ह, आणि उजवीकडे किंमत. या दोन्ही वाचून एक मदतनीस प्रोग्रॅम मुख्य यंत्रासाठी शेवटचा सविस्तर तक्ता तयार करतो.

नगाऱ्याच्या गोष्टीतील तीन प्रश्न आता पुन्हा विचारू.

पहिला प्रश्न, कोण कोठे उभा आहे? प्रत्येक तबकडीची जागा पृथ्वीच्या केंद्रापासून तीन आकड्यांत लिहितात. रेडिओ लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात साधारण एक फूट. तेव्हा जागा एक फूट चुकली तरी यंत्राला ते जाणवते. शिवाय जमीन स्थिर नाही. खंड वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. म्हणून जागेबरोबर ती कोणत्या वर्षी मोजली हेही पाहावे लागते. त्यात पृथ्वी स्वतः फिरते, आणि तिचे फिरणे घड्याळासारखे एकसारखे नसते. त्याच्या मोजमापाचे आकडे आंतरराष्ट्रीय संस्था प्रसिद्ध करते. ते त्या त्या दिवसाचे घालावे लागतात. येथे एका सेकंदाची चूक झाली, तर विषुववृत्तावरची दुर्बीण आपल्या जागेपासून सुमारे ४६५ मीटर दूर आहे असे यंत्र समजेल.

दुसरा प्रश्न, घड्याळ किती पुढे? फाईलमध्ये घड्याळाचे तीन आकडे लिहितात : फरक किती, तो कोणत्या क्षणी मोजला, आणि तो कोणत्या गतीने वाढतो. फरक मायक्रोसेकंदांत लिहितात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

तिसरा प्रश्न, देऊळ कोणत्या बाजूला? म्हणजे आकाशातले ठिकाण. ते पत्रिकेतूनच येते, पण नुसते गृहीत न धरता तपासून घ्यावे.

यांखेरीज दोन गोष्टी जुळणी करणाऱ्याने स्वतः ठरवायच्या असतात : सरासरी किती सेकंदांची काढायची, आणि कंप्रतेच्या पट्ट्याचे किती कप्पे पाडायचे. सरासरी फार लांबविली, तर पृथ्वी फिरत असल्याने चित्राच्या कडेचे भाग पुसट होतात. फार आखूड घेतली, तर कागदपत्र वाढते : दोनाऐवजी एका सेकंदाची सरासरी म्हणजे नोंदी दुप्पट.

कप्प्यांचे महत्त्व एका हिशेबाने ध्यानात येईल. समजा, पट्टा १६ मेगाहर्ट्झचा आहे आणि त्याचे ३२ कप्पे पाडले. एक कप्पा अर्ध्या मेगाहर्ट्झचा झाला. अशा वेळी यंत्र पट्टी मागे किंवा पुढे १ मायक्रोसेकंदच सरकवून पाहते. एखाद्या ठिकाणचे घड्याळ २ मायक्रोसेकंद चुकलेले असेल, तर जुळणीची जागा या खिडकीच्या बाहेर पडली! संदेश डिस्कवर आहे, पण सापडत नाही. तेच ५१२ कप्पे पाडले, तर खिडकी मागे-पुढे १६ मायक्रोसेकंदांची होते आणि ती जागा आत येते.

म्हणून अनुभवी माणूस थेट मुख्य कामाला हात घालीत नाही. निरीक्षणाच्या वेळी अधूनमधून एखाद्या तेजस्वी, ओळखीच्या क्वेसारकडेही सगळ्या दुर्बिणी वळविलेल्या असतात. ३सी २७३ हा त्यांतलाच एक. आधी त्याच्या काही मिनिटांच्या नोंदी घ्यायच्या, कप्पे भरपूर ठेवायचे आणि जुळणी कोठे होते ते शोधायचे. सापडलेला फरक फाईलमध्ये घड्याळाच्या ओळीत घालायचा आणि तीच मिनिटे पुन्हा चालवायची. आता जुळणी बरोबर शून्यावर यायला हवी. आधी २ वर होती आणि आता ४ वर गेली, तर काय समजायचे? अधिक-उणे उलटे लिहिले गेले! हा पडताळा इतका सोपा आहे, की तो न करण्याला सबब नाही.

येथे एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. फाईलमधल्या चुका दोन जातींच्या असतात. एखादे चिन्ह राहिले किंवा नाव चुकले, तर मदतनीस प्रोग्रॅम तेथेच थांबतो आणि तक्रार करतो. ही चूक बरी, कारण ती ओरडून सांगते. दुसरी जात मुकी असते. ओळ रीतसर आहे, फक्त आकडा गेल्या वेळचा राहिला. यंत्र निमूटपणे आज्ञा पाळते, रात्रभर चालते, आणि सकाळी हाती येते ती नुसती खरखर. जुनी फाईल उचलून तिच्यात नवे आकडे भरण्याच्या सवयीतून ही चूक सर्वांत जास्त उद्भवते. शाळेचे हजेरीपत्रक किंवा सोसायटीची खतावणी लिहिणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, चुकले तर पुन्हा चालवावे! डिस्का जपून ठेवल्या असतील तोवर हे खरे आहे. एप्रिल २०१७ मध्ये सहा ठिकाणच्या आठ दुर्बिणींनी मिळून कृष्णविवरांचे निरीक्षण केले. दक्षिण ध्रुवावरील डिस्का तिथल्या हिवाळ्यामुळे बाहेर काढता आल्या नाहीत. त्या डिसेंबरात अमेरिकेत पोचल्या. अमेरिकेतील हेस्टॅक आणि जर्मनीतील बॉन येथे डिफेक्सवरच जुळणी झाली. १० एप्रिल २०१९ रोजी एम ८७ या दीर्घिकेतील कृष्णविवराचे चित्र जगाने पाहिले, आणि १२ मे २०२२ रोजी आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरील विवराचे. पण डिस्का महाग असतात. जुळणी पुरी झाली, की सहसा त्या पुसून पुढच्या निरीक्षणाला देतात. त्यानंतर कोणी म्हणाले, "अहो, घड्याळाचा आकडा चुकला होता," तर हळहळण्यापलीकडे काही उरत नाही.

खोडदला तर ही सवडही बहुधा नसते. तेथे तबकड्यांकडून काचतंतूंच्या केबलींतून संदेश मध्यवर्ती इमारतीत येतात आणि जुळणी त्याच क्षणी होते. मूळ खरखर सहसा साठविली जात नाही. उरतात त्या फक्त सरासरी. प्रत्येक केबलीत लागणारा उशीरही आधी ओळखीच्या तेजस्वी स्रोतावर मोजून यंत्राला सांगावा लागतो. ती ओळ चुकली आणि कोणी पाहिले नाही, तर ती रात्र गेली. तबकड्यांच्या आसपास विजेची उपकरणे आणि मोबाईल जपून वापरा असे जे सांगतात, त्याचेही कारण यातच आहे : आकाशाची खरखर मुळातच फार क्षीण असते.

तेव्हा शिक्षकांनी त्या दोन पट्ट्या वर्गात जरूर करून पाहाव्यात. मुलांना दुसरी पट्टी स्वतः बनवू द्या, तिच्यात दोन-तीन चिन्हे मुद्दाम बदलू द्या, आणि तरीही जुळणीची जागा सापडते का ते शोधू द्या. मग एका मुलाला पहिल्याच खेपेस सांगा, "फक्त एक घर सरकवून पाहा आणि थांब." त्याला काही सापडणार नाही. पट्ट्यांत काही नव्हते म्हणून नव्हे, तर सूचना अपुरी होती म्हणून. एवढे मुलांच्या ध्यानात आले, की जुळणीयंत्राची फाईल इतक्या काळजीने का भरतात हे वेगळे समजवावे लागणार नाही.