थरारपटाची पहिली दोन मिनिटं, भंडारदऱ्यात

सेकंदाला 24 चौकटी धरल्या, तर दोन मिनिटांत 2,880 चौकटी. त्यामुळे चित्रपट करणाऱ्या विद्यार्थी गटाने आधी एकच गोष्ट ठरवावी: प्रेक्षकापासून नेमकं काय लपवायचं? कॅमेरा कोण धरणार, यावरचं भांडण नंतरही करता येतं.

जागांची इथे चंगळ आहे. प्रवरेवरचं, 1926 साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, रंधा धबधबा, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, साम्रदची सांदण दरी. सगळ्या दाखवायचा मोह होतो आणि तिथेच थरार मरतो. एक जागा पुरे.

अम्ब्रेला धबधबा धरणातून पाणी सोडलं तरच कोसळतो. त्याच्यावर दृश्य बेतायचं असेल, तर पर्यायी जागाही हेरून ठेवा. पावसाळ्यात पाण्याच्या आवाजात संवाद बुडतात, म्हणून सुरुवात शक्यतो बिनसंवादाची लिहा. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. विद्यार्थी गट नेमकं त्यालाच विसरतात. सांदण दरीत पावसाळ्यात चित्रीकरण नकोच, पाण्याचा लोंढा अचानक येतो.

रतनवाडी, साम्रद हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर. तिथे चित्रीकरणासाठी वनविभागाची परवानगी लागते. अर्ज वेळेत करा.