सर्वांचें साधन, ज्याची त्याची नोंद

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत, भाईंदर पूर्वेस, इंद्रलोक नांवाची वस्ती आहे. गृहसंस्थांच्या उंच इमारतींनीं ती भरलेली आहे. अशा इमारतींत पंप सामाईक असतो. तळाच्या टाकींतील पाणी तो गच्चीवर चढवितो आणि तेथून तें घरोघरीं उतरतें. प्रत्येक बिऱ्हाडानें आपला निराळा पंप बसवावा, असें कोणी म्हणत नाहीं. परंतु पंप सामाईक आहे म्हणून स्वयंपाकघरांतील हंडाही सामाईक करावा, असेंही कोणी म्हणत नाहीं. हा घरगुती विवेक संगणकशास्त्रांतील एका नाजूक प्रश्नाला तंतोतंत लागू पडतो.

समजा, तेथील एखाद्या गृहसंस्थेनें सभासदांसाठीं वेब-अ‍ॅप्लिकेशन करविलें. म्हणजे मोबाइलवर उघडणारी हिशेबाची वहीच म्हणा ना! देखभालखर्चाचें बिल, पावती, थकबाकी, ताळेबंद अशीं तिचीं निरनिराळीं पानें. प्रत्येक पानावर रक्कम छापावयाची, आणि एक लाख रुपये ‘१,००,०००’ असेच दिसावयास हवेत, ‘१००,०००’ असे नव्हेत. हें काम करणारा लहानसा विभाग एकदांच लिहून ठेवतात. अशा स्वतंत्र विभागास मॉड्यूल म्हणतात, आणि मूळ रचनेला तो बाहेरून जोडण्याजोगा केला कीं त्यास प्लगिन हें नांव मिळतें. प्रश्न असा कीं, हा एकच विभाग सर्व पानांच्या हातीं कसा द्यावा?

पहिला मार्ग म्हणजे त्याला मोकळ्या अंगणांत ठेवणें. ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत जावास्क्रिप्ट भाषा रचिली, तेव्हां एका पानावर येणारे सर्व कार्यक्रम अशा एकाच अंगणांत वावरत. तेथें ठेवलेली वस्तु कोणीही उचलावी. सोय मोठी, पण नांवांची टक्कर ठरलेली. ‘प्रोटोटाइप’ (२००५) आणि ‘जेक्वेरी’ (२००६) या दोन लायब्रऱ्यांनीं डॉलरचें एकच चिन्ह आपलें नांव म्हणून घेतलें. दोन्ही एका पानावर आल्या, कीं मागाहून येणारी पहिलीचें नांव बळकावी. अखेर घेतलेलें चिन्ह परत करण्यासाठीं जेक्वेरीला ‘नोकॉन्फ्लिक्ट’ नांवाची निराळी सोय ठेवावी लागली.

अंगणांत टाकलेली वस्तु पुढें हलवितां येत नाहीं, हा दुसरा धडा २०१८ सालीं मिळाला. ‘मूटूल्स’ या जुन्या लायब्ररीनें भाषेच्या सामाईक याद्यांना ‘फ्लॅटन’ ही क्रिया पूर्वींच चिकटविली होती. भाषेनें स्वतः तेंच नांव घेण्याचें ठरवितांच जुनीं संकेतस्थळें मोडूं लागलीं. तेव्हां भाषेलाच माघार घ्यावी लागली, आणि २०१९ च्या प्रमाणांत ‘फ्लॅट’ असें नांव आलें.

दुसरा मार्ग याच्या उलट टोकाचा. २०१५ च्या प्रमाणानें प्रत्येक मॉड्यूलला स्वतःची खोली दिली. जो नांव घेऊन मागेल, त्यालाच आंतील वस्तु मिळते. हा मार्ग निर्धोक खरा. परंतु चाळीस पानें असलीं तर चाळीस ठिकाणीं तीच मागणी लिहावी लागते.

तिसरा मार्ग मधला होय. अ‍ॅप्लिकेशन सुरू होतांना, त्याच्या प्रवेशद्वाराशींच प्लगिनची एकदां नोंद करावयाची. २०२० सालीं आलेल्या ‘व्ह्यू’च्या तिसऱ्या आवृत्तींत यासाठीं ‘यूज’ ही आज्ञा आहे. ती प्लगिनमधील ‘इन्स्टॉल’ ही क्रिया चालविते, आणि मग तें साधन त्या अ‍ॅप्लिकेशनच्या प्रत्येक पानास मिळतें. अंगणांत मात्र तें पडून राहत नाहीं. त्याची हद्द त्या अ‍ॅप्लिकेशनपुरतीच असते. पंपाची जोडणी तळाशीं एकदांच होते, आणि नळ मात्र घरोघरीं असतो, तसेंच हें.

एवढें केलें म्हणजे संपलें काय? नाहीं. खरा धोका याच्या पुढें आहे. पुष्कळदां अशीं पानें सभासदाच्या मोबाइलवर नव्हे, तर दूरच्या सर्व्हरवर तयार होतात. सर्व्हर मॉड्यूल एकदां उघडतो व येणाऱ्या सर्वांसाठीं तेंच वापरतो. त्या मॉड्यूलनें ‘सध्यांचा सभासद’ स्वतःच्या पोटांत लिहून ठेवला, तर काय होईल? पहिल्या सभासदाची नोंद दप्तरांतून येईपर्यंत दुसरा दार ठोठावतो. त्याचें नांव पहिल्याच्या नांवावर लिहिलें जातें. आणि पहिल्यासमोर दुसऱ्याची थकबाकी उभी राहते. एखादे वृद्ध गृहस्थ घाबरून ती भरूनही टाकतील! शिवाय शेजाऱ्याची खासगी बाब चव्हाट्यावर आली ती वेगळीच. रचनाकार एकटाच बसून तपासणी करीत असेल, तर हा दोष त्याला कधींच दिसणार नाहीं, कारण त्याच्या दारीं दुसरा कोणी आलेलाच नसतो.

उपाय सोपा आहे. प्लगिनला रक्कम द्यावी, त्यानें ती नीट मांडून परत करावी आणि स्वतःजवळ कांहीं ठेवूं नये. जावास्क्रिप्टमधील ‘इंटल’ ही सोय याचा उत्तम नमुना होय. तिला मराठी व भारत यांचें चिन्ह सांगून आंकडा दिला, कीं ती देवनागरी अंक आणि लाखाचे स्वल्पविराम घालून तो परत करिते. आंकडा कोणाचा, याची चौकशी ती करीत नाहीं. सभासदाची ओळख जेथें ठेवणें भागच असेल, तेथें प्रत्येक मागणीसाठीं अ‍ॅप्लिकेशनची नवी प्रत उभारावी आणि काम संपतांच ती मोडावी.

म्हणून गृहसंस्थेच्या समितीनें असें अ‍ॅप्लिकेशन ताब्यांत घेण्यापूर्वीं एक साधी परीक्षा करावी. निरनिराळ्या मजल्यांवरील दहा-बारा सभासदांनीं एकाच वेळीं आपापलें बिल उघडावें, आणि तें वारंवार उघडावें. एकदांही कोणाच्या हातीं दुसऱ्याचें बिल आलें, तर पंपाबरोबर हंडाही सामाईक झाला आहे, असें खुशाल समजावें.