मनाची खतावणी

प्रतिवर्षी या स्मरणिकेत भावांची चढउतार, करांचे नवे नियम, गोदामांची व्यवस्था अशा विषयांवर जाणत्या सभासदांचे लेख येतात. यंदा संपादक मंडळाने मजकडे लेख मागितला, तेव्हा मी विषय थोडा निराळा मागून घेतला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चाळीस वर्षांहून अधिक काळ बेळगावच्या रविवार पेठेत धान्याचा घाऊक व्यापार करीत आलो आहे. मानसशास्त्रावर प्रवचन करण्याचा अधिकार मला नाही. परंतु ज्या एका गोष्टीने माझे स्वतःचे काही महिने काळवंडून गेले आणि माझ्या एका तरुण व्यवसायबंधूच्या जिवावर बेतले, तिच्याविषयी आपण व्यापारी मंडळी आपसांत चकार शब्द काढीत नाही. ती गोष्ट म्हणजे मनात ठाण मांडून बसणारा निराशेचा विचार.

प्रथम माझीच हकीगत सांगतो. २०१५ च्या अखेरीस तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली होती, हे गृहिणींना तरी खचित आठवत असेल. त्या तेजीची धुंदी पुढील वर्षीही आम्हा कित्येकांच्या डोळ्यांवरून उतरली नव्हती. २०१६ च्या दसऱ्याच्या सुमारास मी क्विंटलला ७,४०० रुपये दराने २०० क्विंटल तूर भरली. त्या वर्षी पेरा वाढला, पाऊस साथीला आला आणि पीक उदंड झाले. बोनस धरून ५,०५० रुपये हमीभाव जाहीर असताना बाजारभाव त्याच्याही खाली घसरले. मध्यंतरी ८ नोव्हेंबरला मोठ्या नोटा चलनातून रद्द झाल्या आणि रोखीची उलाढाल थंडावली. फेब्रुवारी २०१७ मध्ये मी तो माल ४,३०० रुपयांनी काढून टाकला. क्विंटलमागे ३,१०० प्रमाणे एकूण तोटा ६,२०,००० रुपये.

तोटा व्यापाऱ्याला नवा नसतो. नवे होते ते पुढचे. रात्री दोन वाजता जाग येई आणि मन हिशेब मांडू लागे: आता सारी उधारी बुडणार, बँक कर्ज मागे घेणार, पेठेतील मंडळी मला हसत आहेत, वडिलांनी उभी केलेली पेढी माझ्या हातून बुडाली, मी व्यापाराला नालायक आहे. सकाळी दुकान उघडावे, पण भाव विचारणाऱ्याला उत्तर देण्याचाही कंटाळा यावा. एके रात्री घरातून प्रश्न आला, "दुकानात काय झाले ते मी विचारीत नाही, पण आत्ता काय जेवलात, ते तरी सांगता येईल का?" मला सांगता आले नाही.

आमचे वृद्ध दिवाणजी वडिलांच्या वेळेपासूनचे. एका दुपारी मी मनातले सारे त्यांच्यापुढे ओतले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "अण्णा, हे कोणत्या वहीत लिहिले आहे?"

मी म्हटले, "लिहिलेले कुठे आहे, दिवाणजी? मला दिसते आहे."

"मग लिहा. पावती पाहिल्याखेरीज मी कीर्दीत दमडी चढवीत नाही. तुम्ही मनात लाखो रुपये नावे टाकून मोकळे झालात!"

आम्ही दोघे बसलो. कागदाच्या डाव्या बाजूस माझे विचार एकाखाली एक लिहिले आणि उजव्या बाजूस प्रत्येकाचा पुरावा. 'सारी उधारी बुडाली' या विचारासमोर खतावणी उघडली. येणे होते ४१ खात्यांत मिळून १८,४०,००० रुपये; त्यांपैकी खरोखर शंका घ्यावी अशी खाती पाच आणि रक्कम २,१५,०००. 'बँक कर्ज मागे घेणार' यासमोर पुरावा काहीच नव्हता; बँकेचे एकही पत्र आलेले नव्हते. 'पेठ हसते आहे' याला साक्षीदार मिळेना, कारण तुरीत हात पोळलेले आम्ही काही एकटे नव्हतो. पेढी बुडाल्याची कोणतीही नोंद वहीत नव्हती. राहता राहिला नालायकपणा. त्यासमोर दिवाणजींनी स्वतःच्या हाताने मागील पंधरा वर्षांच्या नफ्यातोट्याचे आकडे मांडले. त्यांत तोट्याची वर्षे तीन होती. झालेला तोटा आणि शंकित येणे मिळून ८,३५,००० रुपयांचे ओझे खरे होते, आणि ते फेडण्यास पुढे मला चार वर्षे लागली. पण ओझ्याला आकडा होता. रात्री दोन वाजता जे छातीवर बसे, त्याला आकडा नव्हता.

त्या दिवशी दिवाणजींनी जे केले, त्याचे मोठे शास्त्र झालेले आहे, हे मला पुढे वाचनातून समजले. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि फिलाडेल्फियाच्या डॉ. आरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात असे प्रतिपादन केले, की माणसाला जितके दुःख घटनेमुळे होते, त्याहून अधिक त्या घटनेविषयीच्या त्याच्या समजुतीमुळे होते. खिन्नतेच्या रुग्णांच्या मनात काही विचार आपोआप, न बोलावता उमटतात आणि रुग्ण ते तपासल्यावाचून खरे मानतो, असे बेक यांना आढळले. ते विचार लिहून काढावयाचे, त्यांस पुरावा मागावयाचा आणि अधिक यथार्थ विचार त्यांच्या जागी ठेवावयाचा, ही त्यांची उपचाराची रीत. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांस परिचित करून देण्यात कि. मो. फडके आणि ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांचा मोठा वाटा आहे. डॉ. नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यास मानसिक आरोग्यासाठी संस्था स्थापन केली.

आपल्या समाजाला तर हा विचार परका वाटू नये. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही आम्नायांस मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल. एकाच विषयावर खिळून राहणे ते ध्यान. मग तो विषय दुःखाचा का असेना! आर्तध्यानाचेही पुन्हा चार भेद आहेत. नकोसे गळ्यात पडले म्हणून झुरणे, हवेसे गेले म्हणून झुरणे, शरीराच्या पीडेत मन गुंतणे आणि पुढील भोगांची लालसा धरून बसणे. भाव पडला, नफा गेला, झोप उडाली, आणि तरी मन पुढच्या तेजीची स्वप्ने रचीत राहिले. हे चारही भेद एका तुरीच्या सौद्यात मला भेटले! म्हणजे मी ध्यान करीत नव्हतो असे नाही. अहोरात्र करीत होतो, फक्त चुकीचे करीत होतो.

यावर उपाय म्हणून 'सारे चांगलेच होईल' असे घोकावे, असे मी म्हणत नाही. तीदेखील पावतीवाचूनची नोंद आहे. दसऱ्याला तूर भरताना मी हेच घोकीत होतो! खोटा जमा आणि खोटा नावे, दोन्ही वही बिघडवितात. हवी असते ती पडताळणी. माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

पहिली, 'सर्व', 'नेहमी', 'कधीच नाही' हे शब्द मनात आले की थांबावे. पोत्याच्या तोंडची एक मूठ पाहून आपण साऱ्या गाडीचा भाव ठरवीत नाही. तीन-चार पोत्यांची वानगी काढतो. मनाच्या बाबतीत मात्र एका बुडीत खात्यावरून साऱ्या गिऱ्हाइकांची पत ठरवितो.

दुसरी, सावधगिरी आणि चिंता यांतील भेद ओळखावा. सावधगिरीच्या शेवटी एखादे काम निघते: पत्र लिहा, वसुलीस माणूस पाठवा, माल उन्हात घाला. चिंतेच्या शेवटी दुसरी चिंताच निघते. विचारातून काम निघाले तर ते सकाळी करावे. न निघाले तर तो विचार लिहून ठेवून पाठ फिरवावी.

तिसरी, सौद्याची किंमत आणि माणसाची किंमत यांची गल्लत करू नये. 'मी चूक केली' ही नोंद आहे. 'मीच चूक आहे' हा शिक्का आहे. नोंद दुरुस्त करता येते.

चौथी, दिवसाची एक ठरावीक वेळ राखावी. आपल्याकडे सामायिकाची मर्यादा दोन घटकांची, म्हणजे ४८ मिनिटांची, आहे. आणि प्रतिक्रमण हा तर दिवसाचा ताळेबंदच. घडलेला दोष आठवावा, कबूल करावा, क्षमा मागावी आणि परत फिरावे. हा शेवटचा भाग आपण विसरतो. दोष उगाळीत तेथेच बसणे हे प्रतिक्रमण नव्हे. बारा अनुप्रेक्षांतील पहिली अनित्य भावना. तेजी अनित्य, हे आपण मंदीत हळहळत म्हणतो. परंतु मंदीही अनित्यच, हे म्हणावयाचे राहून जाते.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास घेतला, तो सांगतो. काही वर्षांपूर्वी पेठेतील एक तरुण व्यापारी सायंकाळी माझ्या दुकानी आला. तासभर बसला, चहा घेतला. उठताना म्हणाला, "अण्णा, आजकाल काही सुचत नाही." मी म्हणालो, "बाजारच मंद आहे, बाबा, कुणालाच सुचत नाही," आणि हरभऱ्याच्या भावावर बोलू लागलो. चार दिवसांनी कळले, की त्याने स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला आणि तो रुग्णालयात आहे. दैव बलवत्तर म्हणून वाचला. पुढे उपचार झाले. आज त्याचे दुकान पूर्वीपेक्षा लहान आहे, पण चालते आणि तो हसतो. मी मात्र तो चहा विसरू शकलेलो नाही. ज्याने स्वतः दिवाणजींपुढे मन मोकळे केले होते, त्याला समोरच्या माणसाचा एक प्रश्न ओळखता आला नाही.

धान्य जरा ओले भरले गेले तर पोते बाहेरून चांगले दिसते. आत हात घातला की ऊब लागते. तो हात कुणीतरी घालावा लागतो. पुष्कळ दिवसांत न दिसलेल्या व्यवसायबंधूस 'धंदा कसा आहे' याऐवजी 'झोप लागते का' असे विचारून पाहावे, आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये. जगणे नकोसे झाल्याचे तो सुचवीत असेल, तर तसे स्पष्ट शब्दांत विचारण्यास कचरू नये. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट बोलण्यास वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये.

आणि हेही ध्यानात ठेवावे, की वहीचा उपाय साऱ्यांस पुरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज खिन्नता राहिली, कशातही गोडी वाटेना, झोप व भूक बिघडली, किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे. त्याला वैद्य हवा. मधुमेहाची गोळी आपण लपवीत नाही. मग हीच का लपवावी? 'कर्माचे भोग' म्हणून हात जोडून बसणेही उचित नाही, कारण आपल्या शास्त्रात कर्माइतकेच पुरुषार्थालाही स्थान आहे. शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' ही दूरध्वनीसेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठी व कन्नडसह अनेक भाषांत बोलता येते. आमच्या भागाला धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे. तसेच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आरोग्यविम्यात मनाच्या आजारास शरीराच्या आजाराप्रमाणेच वागविण्याचे बंधन विमा कंपन्यांवर आले आहे, हे विम्याचे कागद करताना सभासदांनी पाहून घ्यावे.

आमचे दिवाणजी आता हयात नाहीत. तो डावी-उजवी बाजू पाडलेला कागद मी अद्याप तिजोरीत जपून ठेवला आहे. दीपावलीस नवी वही पूजेला मांडताना आपण सारे पहिल्या पानावर शुभ लाभ लिहितो. यंदा त्याच हाताने एक कोरा कागद बाजूला ठेवावा, मनात जे पावतीवाचून नावे पडले असेल ते त्यावर उतरवावे आणि विश्वासाच्या एका माणसाला वाचावयास द्यावे, एवढीच सर्व व्यवसायबंधूंस व भगिनींस माझी नम्र विनंती आहे.