चांदण्यांना क्रमांक देताना

जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांसाठी टाइप होऊन जो मजकूर माझ्याकडे येतो, त्यात तळटिपांच्या जागी नुसत्या चांदण्या असतात. जुन्या छपाईत ते भागायचं, कारण टीप त्याच पानाच्या तळाशी असायची आणि पान उलटलं की चांदण्या नव्याने सुरू व्हायच्या. आता टिपा प्रकरणाच्या शेवटी जाणार, म्हणजे प्रत्येक चांदणीला स्वतःचा क्रमांक हवा. ‘शोधा आणि बदला’ सगळीकडे एकच मजकूर घालतं. म्हणून हे काम मी टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करून करते.

बेल लॅब्जमध्ये १९७३-७४ साली तयार झालेली ‘सेड’ ही आज्ञा एकेक ओळ घेऊन झटपट बदल करते, पण तिला बेरीज येत नाही. ‘ऑक’ या दुसऱ्या आज्ञेला येते. मात्र ऑकमधल्या, ओळीतले सगळे बदल एकदम करणाऱ्या ‘जीसब’ला नवा मजकूर एकदाच ठरवून मिळतो, त्यामुळे एका ओळीतल्या दोन्ही चांदण्यांना एकच आकडा बसतो. मग ‘सब’ वापरायचं, म्हणजे एका वेळी एकच चांदणी, आणि बदल होत राहील तोवर फेरा चालू ठेवायचा. इथे बारकाईने बघावं लागतं. फेऱ्याच्या अटीतच आकडा वाढवला, तर आधी आकडा वाढतो आणि मग चांदणी शोधली जाते. ती सापडली नाही तरी आकडा वाढलेलाच. पहिल्या ओळीत १ आणि २ येतात, पुढची ओळ थेट ४ पासून सुरू होते. बिनचांदणीची ओळसुद्धा एकेक आकडा खाते. उपाय साधा: आधी चांदणी आहे का ते बघायचं, असली तरच आकडा वाढवायचा. मात्र चांदणीऐवजी ‘चित्र’ या शब्दाचं ‘चित्र १’ करायचं असेल, तर हा फेरा संपतच नाही, कारण नव्या मजकुरातही ‘चित्र’ आहेच.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती ‘पर्ल’ ही भाषा. भाषाशास्त्र शिकलेल्या लॅरी वॉल यांनी ती १९८७ मध्ये आणली. तिच्या बदलाच्या आज्ञेला एक अक्षर जोडलं की प्रत्येक चांदणीपाशी हिशेब नव्याने होतो आणि बदललेल्या मजकुराकडे ती पुन्हा वळत नाही. मजकूर यूटीएफ-८ मधला आहे हे मात्र तिला सांगावं लागतं, कारण त्यात देवनागरीतला प्रत्येक आकडा तीन बाइटांचा असतो.

खरा वेळ जातो तो त्याआधीच्या मोजणीत. ‘ग्रेप’ या शोधाच्या आज्ञेचा मोजणीचा पर्याय चांदण्या मोजत नाही, चांदणी असलेल्या ओळी मोजतो. म्हणून प्रत्येक चांदणी वेगळ्या ओळीवर काढून मग ओळी मोजायच्या, मजकुरातल्या वेगळ्या आणि टिपांतल्या वेगळ्या. दोन्ही संख्या जुळल्याशिवाय मी एकही बदल करत नाही. एक चांदणी कमी पडली की तिथून पुढची प्रत्येक टीप भलत्याच वाक्याला चिकटते. फरक निघाला की आधी दोन जागा तपासायच्या. त्याच पानावरच्या दुसऱ्या टिपेला जोडचांदणी असते, ती एकच धरायची. आणि दोन परिच्छेदांमध्ये विश्रांतीसाठी ओळभर छापलेल्या तीन चांदण्या टिपांच्या नसतातच, त्या आधीच बाजूला काढायच्या.

संख्या जुळल्या तरी मी प्रत्येक प्रकरणातल्या काही जोड्या वाचून बघते. वाक्यात एखाद्या किल्ल्याचं नाव असेल, तर त्या क्रमांकाची टीपही त्याच किल्ल्याबद्दल बोलते ना, एवढं डोळ्यांनीच तपासावं लागतं.