नशा उतरते ती घड्याळाच्याच गतीने

नाताळ आणि थर्टीफर्स्ट जवळ आले की गोडदेव नाक्यावरच्या तरुण मंडळींचे बेत दोन दिशांना जातात. काही जण भाईंदर स्थानकातून चर्चगेटची लोकल पकडून मरिन ड्राइव्ह गाठतात. तिथल्या आर्ट डेको इमारती आणि ओव्हल मैदानापलीकडच्या व्हिक्टोरियन वास्तूंना युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला आहे. बाकीचे दुचाकी काढून उत्तन-गोराईच्या किनाऱ्याकडे वळतात. समुद्राचा वारा, रोषणाई, मित्रांची संगत यात वावगे काहीच नाही. प्रश्न असतो तो परतीचा. नेहमीच्या दिवशी शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सुटते. थर्टीफर्स्टला पश्चिम रेल्वे काही जादा गाड्या सोडते. पोटात गेलेली दारू मात्र कोणाचेच वेळापत्रक पाळत नाही. तिचे वेळापत्रक यकृत ठरवते.

‘बिअरच तर आहे’

दारूचा हिशेब ग्लासांवर नव्हे, तर त्यातल्या अल्कोहोलवर करावा लागतो. व्हिस्की किंवा रमच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ते ४० ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे ‘मी फक्त एक बिअर घेतली’ असे सांगणाऱ्याने प्रत्यक्षात चार छोटे पेग घेतलेले असतात.

सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने ही बाटली तासाभरात संपवली, तर त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण ७० मिलिग्रॅम अल्कोहोल होते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातले प्रमाण अधिक वाढते. बारीक अंगकाठीच्या माणसालाही हाच नियम लागू पडतो.

लिंबूपाणी, कॉफी, गार पाणी

एकदा रक्तात आलेले अल्कोहोल यकृत ठरावीक वेगाने मोडते. दर तासाला हे प्रमाण साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. हा वेग माणसागणिक थोडा कमी-जास्त असतो, पण तो वाढवायचा उपाय नाही. कॉफीने झोप उडते, नशा नाही. गार पाण्याने अंघोळ केली तर फक्त हुडहुडी भरते. आधी पोटभर जेवले तर दारू रक्तात सावकाश मिसळते आणि प्रमाण एकदम चढत नाही, एवढाच जेवणाचा उपयोग.

आता हिशेब मांडून पाहू. रात्री नऊ ते एकच्या दरम्यान कोणी ६० मिलिलिटरचे पाच पेग घेतले, तर सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात एक वाजता सुमारे १५० मिलिग्रॅम अल्कोहोल असू शकते. ते कायद्याच्या मर्यादेपर्यंत उतरायला सकाळचे नऊ वाजतात. चार तास झोप काढून ‘आता फ्रेश आहे’ म्हणत सात वाजता गाडी काढणारा माणूस तेव्हाही नशेतच असतो. डोके शांत वाटते, पण ब्रेक दाबायला लागणारा वेळ वाढलेला असतो. काशीमिऱ्याच्या महामार्गावर भरधाव कंटेनरच्या शेजारून जाताना हा वेळच जीव वाचवतो किंवा घेतो. पहिल्यांदा पकडले गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

‘झोपू दे, उतरेल’

सर्वांत घातक सल्ला हाच. शेवटचा पेग पोटात असताना माणूस झोपला, तरी त्यानंतरही काही काळ रक्तातले प्रमाण चढतच राहते. त्यात उताणे झोपलेल्याला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा मित्राला कुशीवर झोपवावे आणि एकटे सोडू नये. हलवूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी पडत असेल, दोन श्वासांत दहा सेकंदांहून अधिक खंड पडत असेल, अंग गार किंवा ओठ निळसर झाले असतील, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. घरी कळेल, ओरडा बसेल या भीतीने घालवलेला वेळ महागात पडतो. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र घेणे तर श्वास थांबवणारे ठरू शकते.

स्वस्त दारूचा सौदा

याच रेल्वेमार्गावरच्या मालाडमध्ये, मालवणी इथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरहून अधिक जणांचा बळी घेतला. अशा दारूत मिथेनॉल असते. चव आणि वासावरून ते ओळखता येत नाही. यकृत त्याचे फॉर्मिक आम्लात रूपांतर करते आणि हे आम्ल डोळ्यांच्या नसांवर घाला घालते. त्रास बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी सुरू होतो. अंधुक दिसणे, पोटात कळा, धाप लागणे ही लक्षणे ‘हँगओव्हर’ म्हणून सोडून दिली जातात. वेळीच रुग्णालयात नेल्यास औषधे आणि डायलिसिसने जीव वाचू शकतो. लाओसमधल्या व्हांग व्हिएंगमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये सहा परदेशी पर्यटक अशाच दारूने दगावले. म्हणजे धोका फक्त गुत्त्यावर नसतो. सीलबंद नसलेली, कुठून आली ते ठाऊक नसलेली बाटली नाकारणेच शहाणपणाचे.

धूर आणि लाट

२९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारातल्या रूफटॉप पबला आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला. त्यातले बहुतेक जण गुदमरून गेले. अनेकांनी स्वच्छतागृहाचा आसरा घेतला होता. धुरातला कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत शुद्ध हरपवतो. म्हणून आत शिरताच बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते पाहून ठेवावे. तो कुलूपबंद असेल किंवा टेबलांनी अडवलेला असेल, तर दुसरे ठिकाण शोधावे.

किनाऱ्यावरही हीच दक्षता हवी. दारूने तोल आणि अंदाज दोन्ही जातात, अंगाची उष्णताही लवकर निघून जाते. रात्री पाण्यात उतरणे आणि भरतीच्या वेळी शेवाळलेल्या खडकांवर किंवा मरिन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर बसणे टाळावे.

निघण्यापूर्वी

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दारूचे पूर्णपणे निर्धोक असे प्रमाण नाही, हे २०२३ मध्ये तिने स्पष्ट केले. तरीही घ्यायचीच असेल, तर चार गोष्टी घरातून निघतानाच ठरवाव्यात: गाडी कोण चालवणार आणि तो एक थेंबही घेणार नाही, किती घ्यायची, परतायचे कसे, आणि कोणी कोणाला एकटे सोडायचे नाही. लोकल चुकली तर पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत थांबावे, किंवा चार जणांत वाटून टॅक्सी करावी. नशेत हे निर्णय नीट होत नाहीत, कारण दारू सर्वांत आधी बोथट करते ती निर्णयशक्तीच.